कोपऱ्यावरचा गाळा आणि मंडळाचा आधार

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. वाकून असं लिहिलं खरं, पण कमरेत उसण भरल्यामुळे सध्या फार वाकता येत नाही, तेव्हा जेवढा पोचेल तेवढा गोड मानून घे. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का, की खोकला थांबल्याचं सांगता सांगता ते अजून खोकतात? त्यांना म्हणावं, मी सांगितलेला काढा घ्या आणि घेतल्यावर माझं नाव घेऊ नका. इकडे सगळी खुशाल. तुझी भावजय खुशाल, थोरली खुशाल, धाकटी परीक्षेत पास झाली (गणितात कशी झाली हे विचारू नये, असं तिनेच सांगितलं आहे).

पत्राला चार महिने उशीर झाला. त्याला कारण आमचं व्यापारी मंडळ. मी बाजारपेठेच्या मंडळाचा चिटणीस आहे हे तुला ठाऊक आहेच, कारण ते मी प्रत्येक पत्रात लिहितो. भाऊजी त्याला 'चहामंडळ' म्हणतात, तर त्यांच्या माहितीसाठी कळवतो की गेल्या वर्षापासून चहा बंद केला आहे. चहाने माणसं जागी राहात आणि सभा लांबत. मंडळाच्या घटनेत पहिल्याच पानावर तीन उद्देश छापले आहेत: व्यापाराला आधार, नव्या उद्योगाला मार्गदर्शन आणि समाजाचा विकास. उद्देश उत्तम आहेत. अडचण जागेची आहे. अध्यक्षांचं दुकान गाद्यांचं, आणि सभा त्यांच्या दुकानात. तिथे खुर्च्या नाहीत, गाद्यांच्या थप्प्या आहेत. एकदा का माणूस त्या कापसात कमरेपर्यंत बुडाला की त्याच्यातला सगळा विरोध संपतो. मी इतिवृत्तात प्रामाणिकपणे लिहितो, "ठराव मांडला, विरोध झाला नाही." (मागे एकदा भांडीवाले मोठ्याने "नाही, नाही, मुळीच नाही!" म्हणाले म्हणून मी विरोधात एक मत नोंदवलं. मागाहून कळलं की ते स्वप्नात एका गिऱ्हाइकाला पातेल्याचा भाव सांगत होते.)

तर आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा गाळा तीन वर्षं रिकामा होता. तिथले फोटोवाले लेकाकडे राहायला गेले आणि मागे एक अंधारी खोली, फोटो धुवायचा नळ आणि भिंतीवर एक खिळा ठेवून गेले. बाजारात रिकामा गाळा म्हणजे समोरचा दात पडल्यासारखं. गल्लीने कितीही हसून दाखवलं तरी बघणाऱ्याची नजर तिथेच. त्यात गिऱ्हाईकही आटलेलं. सकाळी बायका येत, दोन दुकानं फिरत, तिसऱ्या दुकानात चुळबुळ करत आणि अकरा-साडेअकराला भाव अर्धवट टाकून पळ काढत. का पळतात याचा मंडळाने दोन सभा घेऊन अभ्यास केला. चष्मेवाले म्हणाले, उन्हाने डोळे दिपतात. भांडीवाले म्हणाले, महागाई. अध्यक्ष म्हणाले, दुपारी माणसाला आडवं व्हावंसं वाटतं, आणि एवढं बोलून ते आडवे झाले.

अशात एके दिवशी सभा चालू असताना नव्या बाई आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत मोजपट्टी. कोपऱ्यावरचा गाळा घेतला आहे, मंडळाचं सदस्य व्हायचं आहे, म्हणाल्या. मी अर्ज दिला. त्यात 'व्यवसायाचे स्वरूप' असा रकाना आहे. त्यांनी त्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं, "सर्वांच्या गरजेचा." अध्यक्षांनी डोळे न उघडता सही केली, शिक्का मारला, आणि मंडळ तुमच्या पाठीशी आहे असं भिंतीकडे तोंड करून सांगितलं. बाई आभार मानून गेल्या. त्या गेल्यावर भांडीवाल्यांना जाग आली. त्यांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "म्हणजे विकणार काय?"

ताई, त्या प्रश्नाने एकवीस माणसं एका क्षणात जागी झाली. मंडळाच्या इतिहासात असं झालं नव्हतं. सर्वांच्या गरजेचं काय असतं? भांडीवाले म्हणाले, भांडी. चष्मेवाले म्हणाले, दृष्टी. अध्यक्ष म्हणाले, झोप. मी मात्र दाराकडे पाहिलं. कारण दार कुणाला नसतं? आणि दार म्हटलं की कडी आणि कुलूप आलंच, आणि गेली बावीस वर्षं या गल्लीत कडी आणि कुलूप म्हणजे मी.

सरळ विचारावं, तर ते मंडळाच्या शानेला शोभत नाही. नव्या उद्योजकावर संशय घेतला असं दिसेल. तेव्हा आम्ही संशय न दाखवता पाळत ठेवायचं ठरवलं. दुसऱ्याच दिवशी चष्मेवाले धापा टाकत आले. बाईंनी चार आरसे मागवले होते! डोळे तपासायच्या खोलीत आरसा लागतोच, असं म्हणून ते माझ्याच दुकानातल्या स्टुलावर मटकन बसले. तिसऱ्या दिवशी भांडीवाल्यांची पाळी. बाई त्यांच्याकडून आठ बादल्या आणि आठ तांबे घेऊन गेल्या. गिऱ्हाईक म्हणून नव्हे हो, नमुने म्हणून, असं ते सांगत सुटले (स्वतःचाच माल विकला गेल्याचं इतकं दुःख झालेला दुकानदार मी पाहिला नव्हता). अध्यक्षांना बाईंनी वाटेत थांबवून विचारलं होतं की, या गल्लीत तासाला साधारण किती माणसं येतात आणि एकेकाला किती वेळ लागतो. "वेळ कशाला लागतो म्हणे?" अध्यक्ष मला कुजबुजले. "गादी पसंत करायलाच ना!" आणि त्याच संध्याकाळी बाई माझ्या दुकानात शिरल्या. आतून लावायच्या सहा कड्या दाखवा, म्हणाल्या. सहा! एकेक कडी त्यांनी वीस-वीस वेळा लावली, काढली, कान लावून ऐकली. मी बावीस वर्षं कड्या विकतो आहे, कडीला कान लावणारं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. हे धंद्यातलंच माणूस, अशी माझी खात्रीच पटली.

मग आम्ही मार्गदर्शन समिती नेमली. (घटनेत तशी तरतूद आहे.) समितीत आम्ही चौघे. गाळ्यात गवंडीकाम चालू होतं, मधे पडदा लावलेला, बाईंनी आम्हाला चार उलट्या बादल्यांवर बसवलं आणि वही-पेन्सिल घेऊन समोर उभ्या राहिल्या. चष्मेवाल्यांनी सुरुवात केली. या भागातली हवाच अशी आहे की कुणाची नजर बिघडत नाही, नव्वदीची माणसं सुईत दोरा ओवतात, असं ते बाईंच्या ऐवजी खांबाकडे बघून सांगत होते (त्यांचा चष्मा पुसायला काढलेला होता). भांडीवाले म्हणाले, इथल्या घरांत भांडी म्हणून फुटत नाहीत, त्यांना पोचे पडत नाहीत, आजीचं पातेलं नातसुनेला पुरतं. अध्यक्ष जांभई आवरत म्हणाले की ही गल्ली फार कष्टाळू, इथे कुणी झोपतच नाही. मी सांगितलं, आमच्याकडे चोरी हा प्रकार नाही, लोक दारं सताड उघडी टाकून गावाला जातात.

बाईंनी सगळं लिहून घेतलं. मग वही मिटून म्हणाल्या, "म्हणजे इथली माणसं नीट बघतात, भांडी जपतात, झोपत नाहीत आणि चोरी करत नाहीत. बरं झालं बाई, फार चांगल्या वस्तीत आले मी. इतकं मनापासून मार्गदर्शन आजवर कुणी केलं नव्हतं."

आम्ही चौघे खाली मान घालून बाहेर पडलो. अध्यक्ष म्हणाले, बाई फार मुरलेली दिसते.

आता पुढचं लिहायला हात रेटत नाही, पण तुझ्यापासून मी आजवर काही लपवलं नाही (लहानपणी तुझी पेटी मीच फोडली होती, हे आता सांगून टाकतो). बाईंनी निवडलेल्या सहा पितळी कड्या मी त्यांना दिल्या नाहीत. मंडळातर्फे भेट म्हणून सहा कड्या देतो, पैसे नकोत, असं ऐटीत म्हणालो आणि मागच्या फळीवरचा जुना माल बांधून दिला. त्या कड्या लागतात झोकात. उघडतात मात्र त्यांच्या मर्जीने. हेतू साधा होता. बाईंनी तो माल विकावा, गिऱ्हाइकांनी त्यांना शिव्या द्याव्यात आणि परत माझ्या दारी यावं. बाईंनी पुडकं दोन्ही हातांनी घेतलं आणि म्हणाल्या, "मंडळ असावं तर असं." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. मंडळाची भलीमोठी कात्री आहे. तिला धार नाही, पण ती फोटोत चांगली दिसते. फीत बांधली, शाळेचं बँडपथक आणलं, पाटीवर कापड टाकलं. बाजार लोटला होता, कारण तीन महिन्यांत सगळ्या गल्लीला एकच ध्यास लागला होता, की बाई विकणार काय. आमच्याकडे रीत अशी आहे की नव्या दुकानाची बोहनी अध्यक्षांनी करायची. फितीपुढे उभं राहून अध्यक्षांनी भाषण ठोकलं. आदल्या दिवशी त्यांना कुणीतरी म्हणालं होतं की तुमचं मंडळ नव्या माणसाला घाबरतं, तेव्हा ते इरेला पेटले होते. म्हणाले, "आत काय आहे ते मला माहीत नाही. पण जे काही असेल, ते सर्वांच्या आधी मी घेईन! तुम्हा सर्वांच्या साक्षीने घेईन! भरपूर घेईन! आणि मंडळाचे सगळे सदस्य माझ्यामागे रांगेत उभे राहतील!" टाळ्यांचा कडकडाट झाला. फीत दोनदा कात्रीने तुटली नाही, तिसऱ्यांदा दातांनी तुटली. बाईंनी पाटीवरचं कापड ओढलं.

पाटीवर लिहिलं होतं: "स्वच्छतागृह. बायकांचं डावीकडे, पुरुषांचं उजवीकडे. हात धुवायला साबण आहे."

ताई, अशी शांतता मी फक्त अध्यक्षांच्या दुकानात अनुभवली आहे, आणि तिथे निदान घोरणं तरी असतं. आमच्या विषयपत्रिकेवर चौदा वर्षं चौथा विषय आहे, 'बाजारात स्वच्छतागृह बांधण्याबाबत विचार करणे.' तिसरा विषय संपेपर्यंत सगळे झोपलेले असतात, म्हणून तो दर सभेला पुढे जातो. मी स्वतःच्या हाताने तो एकशे अडुसष्ट वेळा लिहिला आहे. अकरा-साडेअकराला बायका का पळत होत्या, हे त्या पाटीखाली उभं राहून आमच्या एकवीस जणांच्या डोक्यात एकदम शिरलं. गर्दीतल्या बायका मात्र आमच्याकडे बघून अशा काही हसत होत्या की जणू त्यांना यात नवीन काहीच नव्हतं.

बँडमास्तरला वाटलं आपलं काही चुकलं, म्हणून त्याने जोरात वाजवायला सुरुवात केली. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी कात्रीकडे पाहिलं. बाईंनी नम्रपणे पहिलं तिकीट पुढे केलं. शब्द देऊन बसलेला माणूस, करतो काय? अध्यक्षांनी टोपी चष्मेवाल्यांच्या हाती दिली, धोतर सावरलं आणि लढाईवर निघाल्यासारखे उजवीकडे आत गेले. कडी लागल्याचा आवाज आला. झोकात लागली.

आणि तेवढ्यात बँडवाल्यांना दम लागला म्हणून ते थांबले. तीनशे माणसं, त्यांत सदस्यांची रांग, सगळी दाराकडे बघत गप्प उभी. आतून अध्यक्षांचा आवाज आला, "वाजवत राहा!"

वाजवत राहिले. दोन गाणी झाली, तीन झाली. चौथ्या गाण्यात आतून कडी खडखडली. पाचव्यात दार हाललं. सहाव्यात अध्यक्षांनी मला बापाच्या नावासकट हाक मारली. मी दाराशी गेलो, म्हटलं, जरा वर उचलून डावीकडे दाबा. ते म्हणाले, तुला कसं ठाऊक? मी म्हटलं, अंदाज. कडी त्यांच्या हातात तुटून आली, पण अर्धीच. उरलेली अर्धी दारातच राहिली.

पाना आणायला मी दुकानात धावलो, तोवर लोक पांगू लागले होते. तेव्हा आतून अध्यक्ष गरजले की कोणी जायचं नाही, इथेच सभा भरली आहे असं समजा. आणि सभा भरली. अध्यक्ष आत उभे, एकविसातले उरलेले बाहेर उभे, आणि उभ्या माणसाला झोप येत नाही हे मंडळाला पहिल्यांदाच कळलं. पाऊण तासात जे ठराव झाले ते चौदा वर्षांत झाले नव्हते. बाईंच्या गाळ्याला पाण्याची मोठी टाकी मंडळाने बसवून द्यायची. गल्लीत म्हाताऱ्यांसाठी सहा बाकं. नाक्यावर दिशा दाखवणारी पाटी. झाडलोटीसाठी माणूस, त्याचा पगार सगळ्यांनी मिळून. भांडीवाल्यांनी बाकांना विरोध केला, तेव्हा आतून अध्यक्ष म्हणाले, "तू ये आत, मग बोलू." विरोध मागे घेतला. मी दारावर कागद ठेवून इतिवृत्त लिहिलं आणि मधूनमधून पान्याने बिजागऱ्या ढिल्या करत राहिलो. शेवटचा बोल्ट निघाला, मी दार बाजूला केलं आणि अध्यक्ष बाहेर आले. नळाशी गेले. साबण लावून शांतपणे हात धुतले, आरशात पाहून टोपी घातली आणि तीनशे माणसांना सांगितलं, "साबण चांगला आहे."

टाळ्या थांबल्यावर बाई माझ्याजवळ आल्या. आता मला सगळ्यांसमोर ऐकवणार, असं वाटलं. मीच आधी बोललो. कड्या मी खराब दिल्या, जाणूनबुजून दिल्या, तुम्ही माझा धंदा घ्याल म्हणून दिल्या. ऐकून त्यांनी पान्याकडे बोट दाखवलं आणि एवढंच म्हणाल्या, "अजून पाच आहेत. बायकांच्या बाजूच्या आधी बदला. त्या तिष्ठत उभ्या आहेत." मी पाचही बदलल्या. पितळी लावल्या. हाताला फोड आले, पण त्या दिवशी मला जेवण गेलं.

आता गल्लीत दुपारी चारपर्यंत गर्दी असते. बायका दहा-दहा दुकानं हिंडतात, बाकांवर बसतात, पुन्हा हिंडतात. भांडीवाल्यांची पातेली फुटायला लागली आहेत असं त्यांच्या विक्रीवरून दिसतं. वार्षिक अहवालात मी लिहिलं आहे की, नवा व्यवसाय उभा राहिला तो मंडळाच्या अथक मार्गदर्शनामुळे. बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी खोडलं नाही, फक्त 'अथक' हा शब्द दोनदा मोठ्याने वाचला.

असो. पत्र लांबलं. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि तुझ्या गुडघ्यांना जपून चालव.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं म्हणजे पत्र लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. शेजारच्या बाजाराच्या मंडळाकडून पत्र आलं आहे. 'नव्या उद्योगाला स्थानिक मंडळाने आधार कसा द्यावा' या विषयावर आमच्याकडून व्याख्यान हवं आहे, येत्या एकवीस तारखेला. आता खरं सांगावं तर अब्रू जाते आणि खोटं बोलावं तर तिथे आमच्या बँडमास्तरची सासुरवाडी आहे. तेव्हा तू एवढंच कर. तुझी प्रकृती फार बिघडली आहे, भावाला बघायची ओढ लागली आहे, अशी तार कर. वीस तारखेला पोचेल अशी कर. मी रडत निघतो.

ता. क. दुसरा. फार बिघडली असं नको. माणसं भेटायला यायची. मध्यम बिघडली असं लिही.

ता. क. तिसरा. (हे मी लिहिते आहे, वन्सं. यांची स्वारी पाकीट आणि तिकीट आणायला गेली आहे, तेवढ्यात.) नमस्कार. तुम्ही पाठवलेली बाई हिऱ्यासारखी निघाली. गेल्या वर्षी तुम्ही आमचा बाजार हिंडायला येऊन साडेअकराच्या गाडीने 'घरी काम आहे' म्हणून तडक परत गेलात, तेव्हा काम काय होतं ते मी तुमच्या चेहऱ्यावरून ओळखलं होतं. तुम्ही तिला माझा पत्ता दिलात, बाकीचं आम्ही बायकांनी पाहिलं. अध्यक्षीणबाईंनी गाळ्याचं जमवलं, चष्मेवाल्यांच्या आईने गवंडी दिला. पुरुषांना सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर विचार करत बसले असते. व्याख्यानाचं पत्र तेवढं यांनी नीट वाचलेलं नाही. ते नव्या बाईंच्या आणि माझ्या नावाने आहे. आम्ही दोघी जाऊन येऊ. तुम्ही तार जरूर करा, आणि आले की पंधरा दिवस ठेवून घ्या. आणखी एक. तुमच्या ओळखीत लहान मुलं सांभाळणारी एखादी खमकी बाई असेल तर धाडून द्या. दुकानामागे एक खोली पाहून ठेवली आहे, आणि मंडळाची पुढची सभा अजून महिन्याने आहे.